माझ्या वहीतले पी-एच-टी-एच

माझ्याजवळ एक जाड वही आहे. तिच्यात फक्त इंग्रजी शब्द आहेत, आणि तेही एकाच जातीचे. शब्द कितीही लांब असो, त्यात पी, एच, टी, एच ही चार अक्षरं याच क्रमाने, एकाला एक लागून आली पाहिजेत. मध्ये एखादं अक्षर घुसलं तर तो शब्द वहीत जात नाही. ती चार अक्षरं मी लाल पेनने लिहिते, बाकीची निळ्या.

मी चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम आहे. गावात कोणी सिस्टर म्हणतं, म्हातारी माणसं अजून नर्सबाईच म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटेल की खेड्यातल्या नर्सबाईला ही चार अक्षरं कुठे भेटणार? पण माझा अख्खा दिवस त्यांच्यात जातो. सकाळी शीतपेटी उघडली की पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, बाटलीवर आधी डिप्थेरिया. अंगणवाडीत अ जीवनसत्त्वाचा डोस पाजायला गेले की त्याच्यामागे झेरोफ्थॅल्मिया. मोतिबिंदूच्या शिबिराचा कागद आला की ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट.

वही सुरू झाली ती ट्रेनिंगच्या पोरींमुळे. नर्सिंगच्या शाळेतून पोरी आमच्याकडे फिल्डवर येतात. बहुतेक मराठी शाळेतल्या, शेतकऱ्या-मजुरांच्या घरच्या. कामाला वाघ असतात. इंजेक्शनला हात थरथरत नाही, रात्रीच्या बाळंतपणाला डोळ्याला डोळा लागत नाही. पण रजिस्टरमध्ये डिप्थेरिया लिहायची वेळ आली की डोळे मिटून पाढ्यासारखं म्हणतात: डी, आय, पी, एच, टी, एच... आणि एखादा एच हमखास राहून जातो. मला ते पाहवत नाही. एवढ्या हुशार पोरींना कोणी सांगितलंच नाही की हा शब्द जोडून तयार झालेला आहे आणि तो उघडता येतो. घोकायला लावणं हा मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

तर मी त्यांना सांगते ते असं. हे सगळे शब्द मुळात ग्रीक भाषेतून आले. ग्रीकमध्ये ही चार अक्षरं नव्हतीच, दोनच होती: फाय आणि थीटा. थीटा आमच्या पोरींना दहावीच्या त्रिकोणमितीतून माहीत असतो. जुन्या काळी ग्रीक लोक फायचा उच्चार ओठ जुळवून, श्वास सोडून करत, म्हणजे आपला फ. थीटा म्हणजे आपला थ. रोमन लोकांच्या लिपीत असे श्वासाचे आवाज दाखवायला अक्षरंच नव्हती. मग त्यांनी प ला एच जोडून फ केला, ट ला एच जोडून थ केला. दोन अक्षरांची चार झाली आणि इंग्रजीने ती तशीच उचलली. आपल्या देवनागरीत मात्र फ पण आहे, थ पण आहे. फ चा पाय मोडला, थ ला जोडला की झालं: फ्थ. रोमन लिपीला चार घरं लागली ते आपण एका जोडाक्षरात लिहितो. त्यातही आमच्या गावची म्हातारी बाई ‘फूल’ म्हणताना जो ओठ मिटून फ काढते, तो शहरातल्या फ पेक्षा जुन्या ग्रीकांच्या जास्त जवळचा आहे.

इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हा जोड जड जातो. ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टची सुरुवात ते कोणी ऑफ म्हणून करतात, कोणी ऑप म्हणून, शब्दकोशात दोन्ही उच्चार दिलेले असतात. आणि ऑप म्हटलं की लिहितानाही पहिला एच गळतो. ही चूक इंग्रजांच्या देशातही होते. आमच्याकडे नेत्र शिबिराचा फ्लेक्स छापायला गेलं की मी छापणाऱ्या पोराच्या शेजारी उभी राहते आणि पी च्या पुढे एच बसला का, ते पाहते. तो म्हणतो, “एका अक्षरानं काय होते ताई, लोकं तं मराठीच वाचतेत.” होते बाबा. डॉक्टरच्या पदाचं नाव आहे, ते पूर्ण लिहिलं पाहिजे. पंधरा अक्षरं आहेत, पंधराच्या पंधरा लागली पाहिजेत.

डोळ्याच्या शब्दांनी माझ्या वहीची सगळ्यात जास्त पानं खाल्ली आहेत. ऑफ्थॅल्मॉस म्हणजे ग्रीकमध्ये डोळा. एवढं एक कळलं की दाराची कडी निघाल्यासारखे पुढचे शब्द आपोआप उघडतात. स्कोप लावला की डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र, जे जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने 1851 साली जगापुढे आणलं. त्याच्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना नीट दिसतच नव्हता. पुढे एन्डो लावला आणि मागे आयटिस, की डोळ्याच्या आतली सूज. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, दुखू लागला, दिसणं कमी झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, हे मी प्रत्येक म्हाताऱ्याला बजावून सांगते, ते याच एका शब्दाच्या भीतीने.

झेरो म्हणजे इथे शून्य नाही, कोरडा. झेरोफ्थॅल्मिया म्हणजे कोरडा पडलेला डोळा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी लेकराला संध्याकाळी दिसेनासं होतं, मग डोळ्याची चमक जाते, बुबुळाच्या बाजूला फेसासारखा पांढुरका डाग येतो, आणि तरी कोणी लक्ष दिलं नाही तर बुबुळच विरघळतं. म्हणून नऊ महिन्यांच्या लेकराला गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर एक लाख युनिटचा डोस, पुढे दीड वर्षाच्या सुमारास दोन लाखांचा, आणि मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. एकूण नऊ डोस. चमच्यावर एक आणि दोन मिलिलिटरच्या खुणा असतात. लेकरं तोंड वाकडं करतात, थुंकतात, आया पदराने पुसतात. मी त्या आयांना शब्द नाही सांगत, भाजी सांगते. आमच्याकडे तरोट्याची भाजी पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला फुकट उगवते, मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड दर चौथ्या अंगणात आहे, कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आहे, पपई आहे. “लेकराले तरोटा नाई चालत बाई, गरम पडते,” असं अजून ऐकू येतं. तेव्हा मात्र मी बसून घेते आणि पूर्ण समजावूनच उठते.

याच घराण्यातला मला सगळ्यात जवळचा शब्द आहे लॅगोफ्थॅल्मॉस. आमचा तालुका म्हणजे बाबा आमट्यांच्या आनंदवनाचा तालुका. कुष्ठरोग हा इथे पुस्तकातला विषय नाही. या रोगात चेहऱ्याची नस मार खाते, पापणीचा स्नायू ढिला पडतो आणि डोळा पूर्ण मिटत नाही. झोपेतही फट राहते. लॅगोस म्हणजे ग्रीकमध्ये ससा. ससा डोळे उघडे ठेवून झोपतो असं ग्रीक लोक मानत, त्यावरून हे नाव पडलं.

रोगातून पूर्ण बरे झालेले एक बाबा आमच्या भागात होते. औषधाचा कोर्स केव्हाचा संपला होता, पण डावा डोळा उघडाच राहायचा. धूळ, कुटार, तुरीच्या शेंगांवरची बारीक लव, सगळं त्या डोळ्यात. मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना डोळा जोराने मिटायचा व्यायाम शिकवत होते. दिवसातून किती वेळा, कसा, बोटाने पापणी कशी ओढायची. शेतात जाताना चष्मा, रात्री झोपताना स्वच्छ कापडाची पट्टी, आणि रोज आरशात पाहायचं की डोळा लाल तर नाही. कारण या रोगात डोळ्याला जाणीव देणारी दुसरी नसही गेलेली असली की डोळ्यात काडी गेली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो. कार्डावर मी तो लांब शब्द लिहिला तेव्हा त्यांनी विचारलं, “येवढं मोठं काय लिवलं माय?” मी म्हटलं, बाबा, सशाचा डोळा असं लिहिलंय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बराबर हाये. पऱ्हाटीत ससा बसून राह्यते, आपून जवळ जावून उभं राह्यलो तरी डोया मिटत नाई. वाट पाह्यत राह्यते.” पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की सशाच्या डोळ्याला पट्टी रोज बांधतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा ग्रीक वैद्याने आणि आमच्या या बाबांनी एकच प्राणी निरखला होता, याचं मला फार वाटलं.

आता डिप्थेरिया. माझ्या वहीत तो डिफ्थेरिया असा आहे, कारण त्यातही फ्थच आहे. आपण घटसर्प म्हणतो. ग्रीकमध्ये डिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. या रोगात घशात राखी रंगाचा जाड पापुद्रा धरतो. चिवट असतो, ओढायला गेलं तर रक्त येतं, आणि तोच लेकराचा श्वास कोंडतो. फ्रान्सच्या ब्रेतोनो नावाच्या डॉक्टरने 1826 साली त्या पापुद्र्यावरूनच रोगाला नाव दिलं. पुढे एमिल फॉन बेहरिंगने या रोगावर रक्तद्रवाचा उपाय काढला आणि 1901 साली वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं. आज सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मी जी पेंटा टोचते, दीड वर्षाला आणि पाच वर्षाला जो बूस्टर देते, त्याचा धागा तिथपर्यंत जातो. अंगात ताप येतो, लेकरू रात्रभर रडतं, सासू म्हणते “कायले टोचून आणलं?”, तरी ही सुई का, हे त्या कातड्याच्या पापुद्र्यात आहे.

वहीत एक भाग असा आहे ज्याचा डोळ्याशी आणि घशाशी काही संबंध नाही. तो डांबरगोळीपासून सुरू होतो. नॅफ्थलीन. नॅफ्था हा शब्द इराण-मेसोपोटेमियाच्या बाजूने ग्रीकांकडे गेला, जमिनीतून पाझरणाऱ्या तेलाचं नाव म्हणून. कोळशाच्या डांबरातून पांढरे स्फटिक निघाले तेव्हा इंग्लंडच्या जॉन किड यांनी 1821 साली त्याला हे नाव दिलं.

डांबरगोळीबद्दल मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ही प्रत्येक घरातली आहे. काही लेकरांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. वरून काही दिसत नाही. आजी मोठ्या हौसेने पेटीतून जुनं लुगडं काढते, त्याचं मऊ दुपटं करते आणि बाळाला गुंडाळते. त्या पेटीत वर्षभर डांबरगोळ्या असतात. नॅफ्थलीन हवेत उडून कापडात मुरतं, तिथून लेकराच्या अंगात जातं, अशा लेकराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. म्हणून गर्भारपणाच्या सातव्या महिन्यापासूनच मी घरी सांगते: बाळाचे कपडे वेगळ्या पिशवीत, धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले. डांबरगोळीच्या पेटीतलं काहीही बाळाच्या अंगाला लावायचं नाही.

आणि गंमत पाहा, त्याच नॅफ्थलीनच्या सांगाड्यावर बेतलेला दुसरा शब्द आहे नॅफ्थोक्विनोन, चौदा अक्षरांचा. बाळ जन्मल्यावर रक्त वाहू नये म्हणून मांडीत के जीवनसत्त्वाचं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतो ना, ते के जीवनसत्त्व रसायनाच्या भाषेत नॅफ्थोक्विनोनच्या कुळातलं. मेंदीच्या पानातला जो लॉसोन नावाचा पदार्थ हातावर लाल उतरतो, तोही त्याच कुळातला. डोहाळजेवणाला हातभर मेंदी काढून आलेल्या बाईच्या बाळाला मी ते इंजेक्शन देते तेव्हा हे मनात येतंच. एकच सांगाडा, त्याला कुठे काय जोडलं यावर विष होणार की रंग होणार की औषध होणार, ते ठरतं.

नॅफ्थलीनपासून फ्रान्सच्या ओग्युस्त लोराँ यांनी 1836 च्या सुमारास एक आम्ल काढलं. पुढे त्याच्या नावातलं पुढचं ‘नॅ’ गळून पडलं आणि उरलं थॅलिक, इंग्रजीत लिहिताना सुरुवातीलाच पी-एच-टी-एच. तोंड उघडायच्या आधीच चार व्यंजनं. त्या थॅलिकपासून आणि फिनॉलपासून अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 साली फिनॉल्फ्थॅलीन बनवलं. माझ्या वहीतला हा सगळ्यात देखणा शब्द. अक्षरं पंधरा, त्यात एल, पी, एच, टी, एच अशी पाच व्यंजनं रांगेने, मध्ये स्वर नाही.

हा शब्द मला शाळेत भेटला. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, तिच्यासाठी आम्ही हायस्कूलला जातो. टीडीतला डी म्हणजे डिप्थेरियाच. इंग्रजीत तो मुद्दाम लहान लिपीत लिहितात, कारण मोठ्या मुलांना त्याची मात्रा कमी असते. टोचून झालेली पोरं अर्धा तास बसवून ठेवावी लागतात. विज्ञानाच्या सरांनी तो वेळ वाया जाऊ दिला नाही. चुन्याची निवळी काचेच्या पेल्यात घेतली, ड्रॉपरने पाण्यासारखे दिसणारे दोन थेंब टाकले. पेला गुलाबी झाला, असा गुलाबी की मागच्या बाकावरची पोरंही उभी राहिली. मग सरांनी एका मुलीला नळी दिली आणि म्हणाले, फुंक. ती फुंकत राहिली. बुडबुडे येत होते, पाणी आधी दुधाळ झालं, मग रंग फिका होत गेला आणि गुलाबी पार गेला. तिच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची अल्कता मारली होती. बाटलीवर चिटकवलेल्या कागदावर सरांनी स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं होतं, पंधरा अक्षरं, एकही एच गळलेला नाही. मी तिथेच वही काढली.

टेरेफ्थॅलेटबद्दल लिहिताना मात्र माझं मन थोडं खट्टू होतं. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला त्रिकोणात एक आकडा असतो आणि खाली पेट (पी-ई-टी) लिहिलेलं असतं, त्यातला टी म्हणजे टेरेफ्थॅलेट. इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी 1941 साली त्याचाच धागा काढला आणि त्याला टेरिलीन नाव पडलं. आपल्या वडिलांच्या पिढीने लग्नात शिवलेल्या टेरिकॉटच्या पॅन्टमधला ‘टेरी’ तो हा. माझ्या सासरी पऱ्हाटीशिवाय, म्हणजे कपाशीशिवाय, दुसरं मोठं पीक नाही. कापूस वेचून बोटं फाटलेल्या बाया माझ्याकडे मलम न्यायला येतात, आणि त्यांच्या अंगावरची साडी पॉलिस्टरची, म्हणजे याच टेरेफ्थॅलेटची असते. स्वस्त पडते, लवकर वाळते, त्यांचं काही चुकत नाही. पण कापूस पिकवणारीच्या अंगावर कापूस नाही, हे मला सलतं.

वहीत अजूनही बरेच आहेत. डिफ्थाँग, म्हणजे आपले ऐ आणि औ. थायसिस, क्षयाचं जुनं नाव, ज्यातले पी-एच सहसा कोणी उच्चारत नाही. गुप्तांगाच्या केसांत होणाऱ्या उवेच्या शास्त्रीय नावात तर नाव देणाऱ्यानेच पहिला एच खाल्ला, आणि ते चुकलेलं नावच पुढे अधिकृत झालं, म्हणून ते माझ्या वहीच्या नियमात बसत नाही.

गेल्या खेपेच्या ट्रेनिंगच्या पोरींमध्ये सिंदेवाहीकडची एक होती. फार कमी बोलायची. मी तिला फ्थ शिकवला, ऑफ्थॅल्मॉस शिकवला, आणि वही हाताळायला दिली. पुढे एका घरभेटीत चाळिशीची बाई भेटली. वाळलेली, हात थरथरणारे, छाती धडधडते म्हणणारी, आणि डोळे असे मोठे की बुबुळाच्या वरचा पांढरा भागही दिसावा. घरचे म्हणत होते, तापट झाली आहे, सारखी डोळे वटारून पाहते. बाहेर आल्यावर ती पोरगी रस्त्यातच थांबली आणि म्हणाली, “मॅडम, एक्स म्हणजे बाहेर न? मंग एक्सोफ्थॅल्मॉस असा शब्द असन का? डोळा बाहेर आलेला?” तो शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. वहीतही मी तो अजून लिहिलेला नव्हता. मी म्हटलं, आहे, आणि तो बहुतेक वेळा थायरॉइडमुळे होतो. आम्ही दोघी परत त्या घरात गेलो, बाईच्या गळ्यावर हात ठेवून पाहिलं, गाठ लागली. चिठ्ठी त्या पोरीलाच लिहायला लावली. तिने न घोकता, एकेक तुकडा जोडत बारा अक्षरं लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईसोबत बाईला रक्त तपासायला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.